पेशीद्रव्य स्वतः काय करते?

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पाठ्यपुस्तकात प्रत्येक पेशीअंगकावर स्वतंत्र परिच्छेद असतो आणि पेशीद्रव्याला मात्र दोन-तीन ओळी मिळतात; तेव्हा पेशीद्रव्याचे स्वतःचे असे काही काम आहे का, की अंगके ज्यात तरंगतात तो एक द्रव एवढेच मुलांना सांगावे? शहाळ्याचे पाणी म्हणजेच पेशीद्रव्य असे वर्गातला एक मुलगा ठामपणे म्हणाला, ते बरोबर की चूक? आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रव्य दाखवता येते का? पेशीविज्ञान शिकवण्यात आणि पेशी न्याहाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा विषय वर्गात ज्या घाईने उरकला जातो त्याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

आधी सीमा ठरवून घेऊ. प्रद्रव्यपटलाच्या आत आणि केंद्रकाच्या बाहेर जे जे आहे ते सगळे मिळून पेशीद्रव्य. त्यातून तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रिक्तिका, लवके ही पटलाने वेढलेली अंगके वगळली की जो भाग उरतो तो पेशीद्रव. आपले बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतात. जिवाणूंना केंद्रकही नसते आणि पटलाने वेढलेली अंगके सहसा नसतात. त्यांचा सारा संसार पेशीद्रव्यातच चालतो, आणि असे जीव पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षे तगून आहेत. पेशीद्रव्याला स्वतःचे काम नाही या समजुतीला एवढे एक उदाहरणसुद्धा पुरेसे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की पेशीद्रव्य म्हणजे उरलेली जागा भरणारा द्रव नसून पेशीतील रासायनिक कामकाजाचा फार मोठा वाटा तिथेच पार पडतो, आणि ते पार पडावे म्हणून तिथली परिस्थिती पेशी क्षणोक्षणी ऊर्जा खर्च करून राखत असते. हे ‘राखणे’ पुस्तकात येत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे.

पेशीद्रव स्वतः काम करतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जुना आहे. १८९७ साली एडुआर्ट बुख्नर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट बारीक वाळूबरोबर वाटून त्याच्या पेशी फोडल्या, दाब देऊन रस पिळला आणि तो गाळून घेतला. त्या रसात जिवंत पेशी उरल्या नव्हत्या. त्यात साखर घातल्यावर मात्र रस फसफसू लागला, कार्बन डायऑक्साइड सुटला आणि मद्यार्क तयार झाला. किण्वनासाठी अखंड, जिवंत पेशीच हवी हा तोवरचा समज या प्रयोगाने मोडला, आणि १९०७ साली बुख्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पहाटे माडावरून उतरवलेला गोड रस उन्हे चढेपर्यंत आंबू लागतो आणि त्याची माडी होते, ती हीच क्रिया. यीस्ट त्या रसातील साखरेचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. मग पेशीद्रवात दहा पायऱ्यांनी ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, दोन रेणू निव्वळ पदरात पडतात. आणखी दोन पायऱ्यांनी मद्यार्क बनतो. या सगळ्यात तंतुकणिकेचा कुठेही संबंध येत नाही.

‘ऊर्जा म्हणजे तंतुकणिका’ हे समीकरण मुलांच्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की त्यांना तांबड्या रक्तपेशीचे उदाहरण अवश्य द्यावे. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत ना केंद्रक असते ना तंतुकणिका, तरी ती सुमारे १२० दिवस रक्तातून फिरते आणि लागणारी सर्व ऊर्जा पेशीद्रवातील याच दहा पायऱ्यांतून मिळवते. प्रथिनांच्या बाबतीतही तेच. रायबोझोम काही जालिकेला चिकटलेले असतात आणि बाकीचे पेशीद्रवात मोकळे असतात. मानवी तंतुकणिकेला हजारावर प्रकारची प्रथिने लागतात, पण त्यांपैकी केवळ १३ तिच्या आत तयार होतात. उरलेली सर्व पेशीद्रवातील रायबोझोम बनवून पाठवतात. म्हणजे जिला आपण पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतो तीही आपल्या बहुतेक सामग्रीसाठी पेशीद्रवावर अवलंबून असते.

आता शहाळ्याकडे येते, कारण त्या मुलाचा विचार वरवरचा नाही आणि त्याला ‘चूक’ म्हणून खाली बसवू नये. नारळाच्या फुलात फलन झाल्यावर भ्रूणपोषाच्या, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणाऱ्या भागाच्या, पहिल्या केंद्रकाचे विभाजन सुरू होते, परंतु दर विभाजनानंतर मध्ये भिंत पडत नाही. परिणामी कोवळ्या फळात कितीतरी केंद्रके एकाच सलग द्रवात असतात. सहा-सात महिन्यांच्या आसपास ती कडेला येऊन त्यांच्याभोवती भिंती पडत जातात, आधी पातळ मलई धरते आणि पुढे तिचेच खोबरे होते. त्यामुळे शहाळे एके काळी अनेक केंद्रकांची एक अवाढव्य पेशी होते असे म्हणण्यात तथ्य आहे. तरीही त्यातल्या पाण्याला पेशीद्रव्य म्हणता येणार नाही. त्या पाण्याचा सामू साधारण ५ च्या जवळ असतो, तर पेशीद्रवाचा ७.२ च्या आसपास. शहाळ्याच्या पाण्यात प्रथिने एक टक्क्याहूनही कमी असतात, तर पेशीद्रव्यात ती वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातात. आम्लता आणि विरळपणा पाहिला तर ते पाणी रिक्तिकेतल्या रसाच्या जवळ जाते. एका बाबतीत मात्र त्या मुलाला गुण द्यावेत: त्यात पोटॅशियम भरपूर असते, १०० मिलिलिटरमध्ये साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम, आणि पोटॅशियमची ही विपुलता पेशीच्या आतल्या जगाची खूण आहे.

वीस-तीस टक्के प्रथिने या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. अंड्याचा पांढरा बलकसुद्धा सुमारे दहा टक्केच प्रथिनांचा असतो. पेशीच्या वजनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते हे खरे, आणि म्हणूनच आपण पेशीद्रव्याची कल्पना पाण्यात विरघळलेल्या चिमूटभर पदार्थांसारखी करतो. परंतु जिवाणूच्या पेशीद्रव्यात दर लिटरला २०० ते ३०० ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय रायबोझोम आणि आरएनए वेगळेच. आत मोकळे पाणी फार थोडे उरते. आंगणेवाडीच्या जत्रेत लहान मूल माणसांच्या पायांमधून सहज सटकते, पण डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला पाऊल टाकायला जागा मिळत नाही. पेशीद्रव्यातही ग्लुकोजसारखे लहान रेणू बऱ्यापैकी मोकळेपणाने हिंडतात आणि मोठी प्रथिने अडखळत पुढे सरकतात. हे मोजलेलेही आहे. जेलीफिशमधून मिळालेले हिरवे चमकणारे एक प्रथिन शुद्ध पाण्यात जितक्या वेगाने पसरते त्याच्या जेमतेम दशांश वेगाने ते ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीद्रव्यात पसरते. सस्तन प्राण्याच्या पेशीत हा वेग पाण्याच्या मानाने तिपटी-चौपटीने कमी असतो. या दाटीचा फायदाही आहे. जे रेणू एकमेकांना धरून काम करतात त्यांना ही दाटी एकत्र राहायला भाग पाडते, आणि म्हणूनच परीक्षानळीत पातळ द्रावणात मोजलेली विकराची वागणूक पेशीत जशीच्या तशी दिसेल असे गृहीत धरता येत नाही.

हे दाट द्रव्य प्रवाही कशामुळे राहते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जिवाणूंवरील संशोधनातून असे दिसले की मोठ्या कणांच्या दृष्टीने जिवाणूचे पेशीद्रव्य काचेसारखे, जवळजवळ गोठल्यासारखे वागते, आणि चयापचय चालू असेपर्यंतच ते सैल, प्रवाही राहते. चयापचय थांबवला की आतले मोठे कण जागच्या जागी अडकतात. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण पेशीद्रव्याचा पातळपणा हा त्या पदार्थाचा गुण नसून चालू कामाचा परिणाम आहे असे त्यातून समजते. त्याआधी २००९ साली एका सूक्ष्म कृमीच्या भ्रूणपेशीत आणखी एक गोष्ट आढळली होती: पटल अजिबात नसलेले काही कण पेशीद्रव्यात तेलाच्या थेंबासारखे वेगळे होतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा विरघळतात. पेशीद्रव्यात कप्पे करायला प्रत्येक वेळी पटल लागत नाही, हे तेव्हापासून मानले जाऊ लागले.

किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांना पेशीद्रव्य समजावून द्यायचे तर मिठाचा धागा पकडावा असे माझे मत आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सोडियमचे प्रमाण जवळपास ४७० मिलिमोल. आपल्या रक्तातही सोडियम भरपूर, लिटरला सुमारे १४५ मिलिमोल. पेशीद्रवात शिरलो की चित्र उलटते: सोडियम १० ते १५ आणि पोटॅशियम १४० च्या आसपास. कॅल्शियमचा फरक तर आणखी मोठा, बाहेरच्या मानाने आत सुमारे दहा हजार पटींनी कमी. म्हणूनच कॅल्शियमची थोडीशी आवक हा पेशीसाठी स्पष्ट इशारा ठरतो आणि स्नायू त्याच इशाऱ्यावर आकुंचन पावतो. हे अंतर राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखवून दिला, आणि त्यासाठी त्यांनी वापरले होते किनाऱ्यावरच्या कुर्ल्यांच्या पायांतील मज्जातंतू. एटीपीचा एक रेणू खर्चून हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा, अंदाजे पाचवा भाग किंवा त्याहून अधिक, या एका कामावर जातो. वनस्पतींकडे हा पंप नसतो. त्या हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलून त्या बळावर बाकीची ने-आण करतात.

पण सोडियम बाहेर ठेवून भागत नाही. बाहेर समुद्राचे खारे पाणी असताना आतले द्रावण विरळ राहिले तर परासरणाने पेशीतले पाणी निघून जाणार, हे उघड आहे. मग आतली संहती वाढवायची ती कशाने? ज्याच्यामुळे प्रथिनांची घडी मोडणार नाही अशा एखाद्या पदार्थानेच ती वाढवावी लागते, आणि हे पदार्थ कोणते ते मासळीबाजारात नाकाला आणि जिभेला कळते. कोळंबी आणि कुर्ली गोडसर लागते ती मुख्यतः स्नायूंच्या पेशीद्रवातल्या मोकळ्या ग्लायसीनसारख्या अमिनो आम्लांमुळे. खाडीतली कालवे हाच उपाय कमीजास्त करत जगतात: पाणी खारे असताना टॉरीन, ग्लायसीन, अ‍ॅलनीन पेशीत साठवायची आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की ती कमी करायची, नाहीतर पेशी पाणी ओढून फुगतील. मोरीने, म्हणजे शार्क माशाने, वेगळाच मार्ग धरलेला आहे. ती युरिया अंगात साठवते. युरिया प्रथिनांची रचना बिघडवतो, म्हणून त्याच्या जोडीला ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा दुसरा पदार्थ असतो, साधारण दोनास एक या प्रमाणात, आणि एकाने केलेला बिघाड दुसरा भरून काढतो. मोरी बर्फाविना पडून राहिली तर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि उग्र वास येतो. बाकी समुद्री मासळी शिळी झाल्यावर जो ओळखीचा वास येतो तो याच दुसऱ्या पदार्थापासून जिवाणूंनी बनवलेल्या ट्रायमिथाइलअमाइनचा. म्हणजे मासळीच्या वासावरून ताजी की शिळी हे ठरवणारी आपली आजी एका अर्थाने त्या माशाच्या पेशीद्रवाची तपासणीच करत असते.

खाडीकाठच्या वनस्पतींपुढेही हीच अडचण असते. कांदळ बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो. तिवर ते काही प्रमाणात आत येऊ देतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत आचऱ्याच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीत तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारटपणा लगेच जाणवतो. जे सोडियम पानाच्या पेशीत राहते ते रिक्तिकेत कोंडले जाते, आणि रिक्तिकेच्या बरोबरीने पेशीद्रवाची संहती राहावी म्हणून तिथे ग्लायसीन बीटेन साठवले जाते. खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींची विकरे मुळातच मीठ सहन करणारी असतील असा तर्क कुणीही करील. १९७० च्या दशकात ती विकरे वेगळी काढून तपासली गेली तेव्हा साध्या वनस्पतींच्या विकरांइतकीच तीही मिठाने मंदावतात असे आढळले. त्या झाडाची सहनशक्ती विकरात नाही. मीठ विकरापर्यंत पोहोचू न देण्यात आहे. पेशीद्रव्य ‘राखावे’ लागते असे मी वर म्हटले त्याचा अर्थ हा.

याला एक अपवाद आहे आणि तो सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याचे नाव गाजले ते तिथल्या मिठागरांमुळे. कुठल्याही मिठागरात पाणी आटत मीठ धरायच्या बेताला आले की त्यात फार थोडे जीव उरतात, आणि काही ठिकाणी पाण्याला गुलाबी-तांबूस झाक येते. ती झाक आणणाऱ्यांमध्ये काही लवणप्रिय सूक्ष्मजीव असे असतात की ते पोटॅशियम क्लोराइड पेशीद्रव्यातच प्रचंड प्रमाणात भरून घेतात. त्यांची प्रथिने त्या खारटपणासाठीच घडलेली असतात, इतकी की गोड्या पाण्यात ती उलगडून निकामी होतात आणि पेशी फुटते. त्याच पाण्यातले ड्युनालिएला हे शैवाल मात्र मीठ बाहेर ठेवते आणि पेशीद्रव्यात ग्लिसरॉल भरते. एकाच कुंडीत दोन जीव आणि पेशीद्रव्य राखण्याच्या दोन परस्परविरुद्ध पद्धती. जीवसृष्टीत बहुतेकांनी दुसरी पद्धत पत्करली आहे.

हालचालीचे गणितही मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. ग्लुकोजचा रेणू नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत जाऊन, दहा मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कापतो. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट लागतो, आणि हजारपट केले की दहा लाख पट. म्हणजे एक सेंटिमीटर जायला जवळपास एक दिवस. तळ्यात आणि खाचरात वाढणाऱ्या कारा आणि निटेला या शैवालांची एकेक पेशी कित्येक सेंटिमीटर लांब होऊ शकते. ती विसरणाच्या भरवशावर जगूच शकत नाही. तिचे पेशीद्रव्य सेकंदाला शंभर मायक्रोमीटरपर्यंत वेगाने गोल फिरत राहते, आणि मघाचे एक दिवसाचे अंतर दोन मिनिटांच्या आत पार होते. १७७४ साली बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी हा प्रवाह पाहून लिहून ठेवला, तेव्हा पेशी ही सजीवाची एकक रचना आहे हा सिद्धांतही मांडला गेला नव्हता. प्रवाहाच्या मुळाशी पेशीचा सांगाडा असतो: सात नॅनोमीटर जाडीचे अ‍ॅक्टिनचे धागे पेशीभर लावलेले असतात आणि मायोसिन नावाची प्रथिने अंगकांना धरून, एटीपी खर्च करत त्यांच्यावरून चालतात. प्राण्यांच्या पेशीत लांबच्या वाहतुकीसाठी २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका वापरल्या जातात. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीच्या तंतूतून जलद वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर होते, त्यामुळे पेशीच्या मुख्य भागात तयार झालेला माल बोटाला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात.

पेशीद्रव्याची आणखी एक बाजू शालेय अभ्यासक्रमात येत नाही, ती म्हणजे वारसा. आपल्या अंगणातल्या गुलबाक्षीचा एक प्रकार असा असतो की एकाच झाडाला हिरव्या, पांढुरक्या आणि ठिपकेदार अशा तिन्ही तऱ्हांच्या फांद्या येतात. कार्ल कोरेन्स यांनी १९०९ साली दाखवले की पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला कुठल्याही फांदीचे पराग लावले तरी बियांतून पांढरीच रोपे येतात आणि ती जगत नाहीत. हिरव्या फांदीच्या बिया हिरवीच रोपे देतात. परागाचा काही प्रभाव पडत नाही, कारण हरितलवके बीजांडाच्या पेशीद्रव्यातून येतात आणि परागाकडून फक्त केंद्रक पोहोचते. आपल्या शरीरातील तंतुकणिकाही आईकडूनच येतात, आणि त्यांतील ३७ जनुकेही.

कोकणात या गोष्टीला शेताच्या बांधावर किंमत आहे. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून संकरित बियाणे हवे तर मादी वाणाचे पराग निकामी असावे लागतात. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर असे एक रानभाताचे झाड सापडले ज्याचे पराग विकसितच होत नव्हते, आणि हा दोष त्याच्या पेशीद्रव्यात, नेमके सांगायचे तर तंतुकणिकेतील एका जनुकात होता. ते पेशीद्रव्य मादी वाणात आणून जगभर संकरित भात तयार झाले. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला ‘सह्याद्री’ हा संकरित भातही याच मार्गाचा आहे. शेतकऱ्याच्या खाचरात वाढणाऱ्या त्या रोपाच्या प्रत्येक पेशीत तेच वंध्य पेशीद्रव्य असते, पण नर वाणाकडून आलेली केंद्रकातील जनुके त्या दोषावर मात करतात म्हणून कणीस भरते. घरचे दाणे राखून पुढल्या वर्षी पेरले तर ती जनुके सगळ्या रोपांत सारखी उतरत नाहीत, वंध्य पेशीद्रव्य मात्र प्रत्येकात येते, आणि काही लोंब्या पोचट निघतात. वाढीतला एकसारखेपणाही जातो. संकरित भाताचे बियाणे दरवर्षी नवीन का घ्यावे लागते याच्या कारणांत पेशीद्रव्याचा असा वाटा आहे, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना हे नक्की सांगावे.

राहिला शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचा प्रश्न. कांद्याच्या पापुद्र्याला आयोडीन लावण्याची आपली सवय इथे आड येते, कारण आयोडीनने केंद्रक सुरेख दिसते पण पेशी मरते आणि पेशीद्रव्य थांबते. पापुद्रा नुसत्या पाण्यात ठेवा, सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाखालची झडप बरीचशी मिटून उजेड कमी करा आणि चाळीसच्या भिंगाने पाहा. रिक्तिकेला छेदून जाणारे पेशीद्रव्याचे बारीक धागे आणि त्यांच्यावरून सरकणारे कण दिसू लागतील. त्याहून सोपे हायड्रिलाचे पान. शेंड्याजवळचे कोवळे पान तळ्याच्याच पाण्यात काचपट्टीवर ठेवून काही मिनिटे दिव्याच्या उजेडात राहू द्यावे आणि मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी पाहाव्यात. सुरुवातीला हिरवे कण निश्चल असतात. थोड्या वेळाने एखादा सुटतो, भिंतीच्या कडेने सरकतो, कोपऱ्यात जरा अडतो आणि वळून समोरच्या भिंतीने परत येऊ लागतो. मग त्याच्या मागोमाग रांग लागते. कण नुसते जागच्या जागी थरथरत असतील तर तो प्रवाह नव्हे, रेणूंच्या धडकांनी होणारी ती ब्राउनियन हालचाल. हा फरक मुलांना स्वतः ओळखू द्यावा.

तिसरा प्रयोग रससंकोचाचा. बागेत लावतात त्या, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या तलवारीसारख्या पानांच्या ऱ्हिओचा खालचा पापुद्रा घ्यावा आणि मिठाच्या पाण्याऐवजी देवगडचे समुद्राचे पाणी गाळून वापरावे. ते पुरेसे खारे असते. काही मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतो. इथे एक चूक अनेक प्रयोगवह्यांत सर्रास आढळते: त्या जांभळ्या गोळ्याला बाण काढून ‘पेशीद्रव्य’ असे नाव दिलेले असते. जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसाचा आहे. पेशीद्रव्य म्हणजे त्या गोळ्याभोवतीचा रंगहीन, अतिशय पातळ थर, आणि केंद्रक त्या थरात एका बाजूला फुगवट्यासारखे दिसते; नीट निरखले तर सापडते. मग आच्छादन काचेच्या एका कडेला विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेने टिपकागदाने खारे पाणी ओढून घ्यावे, म्हणजे गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. हे परत फुगणे पेशी जिवंत असल्याचा पुरावा आहे. पापुद्रा खाऱ्या पाण्यात फार वेळ राहिला तर पटले निकामी होतात, जांभळा रंग इकडेतिकडे पसरतो आणि गोडे पाणी देऊनही काही घडत नाही. म्हणून एकच काचपट्टी वर्गभर फिरवण्यापेक्षा प्रत्येक गटाला स्वतःचा ताजा पापुद्रा काढू द्यावा.